धावजी कंडक्टरचं आवतन

धावजी राठोडांनी आजवर किती लोकांना घरी बोलावलं असेल, असं फुलसावंगीजवळच्या त्यांच्या तांड्यावर कोणालाही विचारा. एसटीत जेवढे बसले तेवढ्यांना, हेच उत्तर येईल. धावजी एसटीत कंडक्टर होते. तिकीट देता देता गाव विचारायचे, गावावरून सोयरीक काढायचे, आणि प्रवासी उतरायला लागला की दारात उभे राहून म्हणायचे, "येजा बावा कधी फुलसावंगीले. घर तुमचंच हाय." मग घंटी मारायचे.

आता आमच्या भागात याला कोणी खरं आवतन समजत नाही. ही बोलायची रीत झाली. बोलावणाऱ्याने दोन-तीनदा आग्रह करावा, समोरच्याने "येतो न, आपलंच घर हाय" म्हणावं, आणि दोघांनी आपापल्या गावी सुखाने राहावं. न बोलावता निघालात तर लोक आखडू म्हणतात. बोलावल्यावर खरोखरच गेलात तर काय म्हणतात, हे कोणाला माहीत नाही, कारण तसं अजून कोणी गेलेलं नाही. धावजींची बायको सुखीबाई हे सारं लग्न झाल्यापासून ऐकत आली होती. नवऱ्याने रस्त्यावरून कोणाला हाक मारून बोलावलं की ती सुपात धान्य पाखडतच म्हणायची, "बोलवा, खुशाल बोलवा. मी त चुलीवर पानी बी ठेवत नाही."

धावजी निवृत्त झाले आणि पुण्यात नोकरीला असलेल्या बादलने, म्हणजे त्यांच्या मुलाने, आईबापांना व्हिएतनामला पाठवायचं ठरवलं. बातमी तांड्यावर पसरायच्या आत सल्ले पसरले. शेजारचे बाबूसिंग चव्हाण म्हणाले, "धावजी, तिकडं लोक साप खातेत. ताटात जे लंबं दिसन ते सोडून देजो." गावातले निवृत्त मास्तर बाबाराव म्हणाले, "अरे, बुद्धाचा देश हाय तो. माह्या नावानं एक मेनबत्ती लावजो, अन् वाद घालजो नको कोनासंग." सुखीबाईने कोणाचंच ऐकलं नाही. तिने पिशवीत ज्वारीचं पीठ, जवसाची चटणी आणि एक तवा भरला. विमानतळावर तव्यावरून बरीच चौकशी झाली, पण तो विषय धावजी अजूनही कोणाला काढू देत नाहीत.

सहल नागपूरच्या एका टूरवाल्याची होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी निन बिन्ह नावाच्या ठिकाणी सगळ्यांना होडीत बसवलं. दोन्ही बाजूंनी भाताची शेतं, मधून नदी, आणि होडी वल्हवायला लान नावाची एक किरकोळ बाई. ती मागे रेलून बसली, दोन्ही पाय वल्ह्यांवर ठेवले आणि सायकल मारावी तशी पायांनी होडी हाकायला लागली. हातात विणकाम. धावजी थक्क झाले. त्यांनी सुखीबाईकडे पाहिलं. सुखीबाई म्हणाली, "पाहा. हात रिकामे ठेवत नाही बाई. अन् तुमी रिटायर झाले तवापासून पाय बी हालवत नाही."

होडीतून उतरल्यावर थोडा मोकळा वेळ होता. बाकीचे फोटो काढत बसले. धावजींना बांधापलीकडे शेंगांचे वेल दिसले आणि इथले लोक पेरणीत अंतर किती सोडतात, ते पाहिल्याशिवाय त्यांना राहवेना. ते बांधावरून निघाले. हा माणूस हरवणार, म्हणून त्यांच्या मागे सुखीबाई निघाली. दोघं परत येऊन पाहतात तो बस गेलेली. गाइडने डोकी मोजताना स्वतःला आणि ड्रायव्हरला धरून मोजलं होतं.

धावजींचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा होता. ज्या माणसाने उभी हयात लोकांना बसमध्ये चढवलं, लघवीला उतरलेल्या म्हाताऱ्यासाठी भर रस्त्यात गाडी थांबवून ठेवली, त्यालाच बस सोडून गेली होती. ते रस्त्याच्या मधोमध उभे राहून नुसतं "मोजायची पद्धत असते," "मोजायची पद्धत असते" असं म्हणत राहिले. परदेश आहे, भाषा येत नाही, फोनला रेंज नाही, याचं त्यांना काही नव्हतं. दुःख धंद्याचं होतं.

तेवढ्यात ती होडीवाली लान घरी निघालेली दिसली. सोबत तिचा नवरा तुआन, हातात म्हशीची दोरी. त्यांनी या दोघांना पाहिलं, गळ्यातलं हॉटेलचं कार्ड वाचलं आणि काही न विचारता घरी नेलं. तुआनने गाइडला फोन लावला. बस परत पाठवतो, असा निरोप आला. धावजींनी तुआनच्या मोबाइलमधल्या भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये तोंड घालून सांगितलं, "त्याले सांगा, मी त्या गाडीत बसत नाही." मोबाइलने ते व्हिएतनामी भाषेत अगदी गोड आवाजात सांगितलं, त्यामुळे त्यातला राग काही पोचला नाही.

लानने ताट वाढलं. सुखीबाईला मांसाचं वावडं नव्हतं, पण प्राणी कोणता ते तिला कळायला हवं होतं. तिने वाटीकडे बोट दाखवून कोंबडीसारखा आवाज काढला. लानने मान हलवली आणि बदकासारखा आवाज काढला. सुखीबाईने खात्रीसाठी जमिनीवर हाताने नागमोडी रेघ काढली. लान इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मग सुखीबाई उठली, पिशवीतून तवा काढला आणि लानच्या चुलीवर ज्वारीची भाकर टाकली. तिच्या हातावरचं गोंदण पाहायला शेजारच्या चार बाया आल्या आणि भाकर खाऊन गेल्या. ती संध्याकाळ अशी गेली की आपण हरवलो आहोत, हेच दोघं विसरून गेले.

शेवटी तुआनने दोघांना स्कूटरवर मागे बसवून हॉटेलवर पोचवलं. तुआनने त्यांचा नंबर घेतला, पत्ता घेतला. धावजी तुआनचे दोन्ही हात धरून मोबाइलमध्ये बोलले, "या बरं फुलसावंगीले. दोघं बी या. घर तुमचंच हाय." आणि सवयीने दोनदा आणखी म्हणाले. तुआन अगदी गंभीरपणे ऐकत होता.

दिवाळी उलटून थंडी पडली आणि एके सकाळी धावजींच्या मोबाइलवर शुद्ध मराठीत निरोप आला. 'आदरणीय धावजी, आपले आमंत्रण आम्ही स्वीकारले आहे. मी आणि लान पुढील महिन्यात पहिल्या गुरुवारी आपल्या घरी येत आहोत.'

धावजींनी तो तीनदा वाचला. मग सुखीबाईला वाचून दाखवला. सुखीबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "म्हंजे ते येऊन राह्यले?"

"तसं दिसते."

"तुमी बोलावलं म्हनून?"

"मंग? मी बोलावलं त येनार नाही का लोक?" धावजी ताठ होऊन म्हणाले. पण आवाजात दम नव्हता. इतकी वर्षं घर तुमचंच आहे, असं म्हणत आलो. आता कोणीतरी ते घर पाहायला येतंय, आणि पाहिल्यावर त्याला ते आपलं वाटलं नाही तर? आपण नुसते बोलघेवडे ठरू. तांड्यावर हसतील ते हसतील, पण तुआनच्या मनात काय येईल? ही गोष्ट त्यांना झोपू देईना.

मग तयारी सुरू झाली. बाबूसिंग म्हणाले, "त्याईले आपल्या संडासात बसता येनार नाही. खुर्चीवाला बसव." व्हिएतनामात तुआन आणि लान दोघांनीही जमिनीवर मांडी घालून जेवण केलं होतं, हे धावजींना आठवत होतं. पण सल्ला एकदा चारचौघांत आला की तो टाळणं म्हणजे कंजुषी ठरते. महागावहून खुर्चीवाला संडास आला. मिस्त्रीने तो बसवला तेव्हा लक्षात आलं, की आता दार आतून लागत नाही आणि बाहेरून लावलं तर गुडघे मावत नाहीत. मिस्त्री म्हणाला, "पाहुने लहान चनीचे हायेत म्हनता न? मावतीन."

बाबारावांनी वेगळाच घोळ काढला. परदेशी माणूस घरी उतरणार तर सरकारात कळवावं लागतं. धावजी आणि बाबाराव पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या जमादाराने आयुष्यात पहिल्यांदाच असा अर्ज पाहिला असावा.

"कायले येऊन राह्यले ते?"

"मी बोलावलं."

"कायले बोलावलं?"

"असंच."

"असंच कोनी बोलावते का? काही काम असन. धंदा असन."

"नाही जी. निघताना म्हनलं, येजा."

जमादाराने लेखणी खाली ठेवली. "निघताना त मी बी म्हनतो लोकाईले येजा." मग त्याने नातं या रकान्यात काय लिहायचं ते विचारलं. धावजी म्हणाले, "घरचे लिहा." ते काही ऑनलाइन चढेना. वर्षाने, म्हणजे बाबूसिंगच्या सुनेने, घरी बसून मोबाइलवरून सारं भरून दिलं, तेव्हा कुठे ते प्रकरण मिटलं.

राहिला फ्लेक्स. पाहुणे येणार आणि फाट्यावर फ्लेक्स नाही, असं आमच्याकडे चालत नाही. त्यावर तुआन-लानचा फोटो, धावजींचा फोटो आणि स्वागतोत्सुक म्हणून तांड्यातल्या जाणत्यांचे छोटे छोटे फोटो लावले. त्यात बाबूसिंगचा फोटो सर्वांत छोटा आला आणि त्यावरून दोन्ही घरांत अबोला झाला. वर दुकानदाराने झेंडा चिनी छापला. बाबारावांनी तो आदल्या दिवशी ओळखला. तिथल्या झेंड्यावर एकच मोठी चांदणी असते, इथे सोबत चार बारक्या होत्या. मग त्या चारही चांदण्यांवर झेंडूची फुलं चिकटवली.

गुरुवारी पहाटेच महागावच्या सेवादास ड्रायव्हरची क्रूझर गाडी नागपूरला निघाली. आत धावजी, सुखीबाई, बाबाराव, हार, नारळ, आरतीचं ताट आणि तांड्यातली आणखी सहा माणसं. पाहुण्यांच्या सामानाला जागा हवी म्हणून स्टेपनी घरीच काढून ठेवली होती. बाबूसिंगला मात्र चलतो का म्हणून विचारलंच नाही. विमानतळावर सगळे रांगेत उभे राहिले. मुंबईचं विमान आलं, दिल्लीचं आलं, पुण्याचं आलं. हारातली फुलं मान टाकायला लागली. तुआनचा फोन लागत नव्हता. धावजी प्रत्येक विमानाच्या माणसांना दारातून मोजत होते.

दुपारच्या आधी फोन वाजला. बाबूसिंगचा होता. अबोला मोडून त्याने फोन केला म्हणजे कोणीतरी गेलं, असंच धावजींना वाटलं.

"धावजी, कुठं हायेस?"

"नागपूरले. विमानतळावर."

"तिथं काय करून राह्यला? तुहे पाहुने त तुह्या ओट्यावर बसून हायेत."

"आले कसे?"

"एसटीनं."

हैदराबादपर्यंत विमान, तिथून नांदेडला रेल्वे आणि नांदेडहून एसटी. हा रस्ता धावजींना झोपेत विचारला असता तरी थांब्यांसकट सांगता आला असता. पण विमान म्हटल्यावर नागपूर, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं होतं. परदेशातला माणूस त्यांची एसटी शोधून तिने घरी पोचला होता, आणि एसटीचा माणूस विमानतळावर हार घेऊन उभा होता.

"घराले कुलूप हाय," बाबूसिंग सांगत होते. "चिंता करू नको. मी नेतो त्याईले आमच्याकडं. चहा-पानी करतो."

"थांब!" धावजी ओरडले. विमानतळावरची माणसं वळून पाहायला लागली. "चहा देऊ नको!"

"पाहुन्याले चहा नको देऊ?"

पाहुण्याचा पहिला चहा आणि पहिला घास ज्या घरी होतो, पाहुणा त्या घरचा. हे काही कुठे लिहिलेलं नाही, पण तांड्यावर पोराटोरांनाही ठाऊक आहे. धावजींनी बोलावलं, संडास बसवला, ठाण्यात गेले, आणि पाहुणे होणार बाबूसिंगचे. उद्यापासून बाबूसिंग फाट्यावर उभा राहून सांगणार, 'धावजीनं बोलावलं न नागपूरले पळाला. जेवू मी घातलं.' ते फोनमध्ये काही म्हणणार तर फोन कटला आणि नंतर बाबूसिंगने उचललाच नाही.

क्रूझर परत सुसाट निघाली. आर्णीच्या अलीकडे चाक पंक्चर झालं. स्टेपनी कुठे आहे, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी विचारलं नाही. सेवादास चाक घेऊन एका दुचाकीवर लटकून गेला. बाकीचे रस्त्याच्या कडेला आरतीचं ताट मांडीवर घेऊन बसले. तेवढ्यात वर्षाने तांड्याच्या ग्रुपवर फोटो टाकला. ओट्यावर तुआन आणि लान, समोर ओळीने मांडलेली ताटं, त्यात वरण, भजी, शिरा, आणि बाजूला बाबूसिंग उभा, दात दाखवत. धावजींनी फोटो मोठा करून पाहिला आणि मोबाइल उलटा ठेवला.

"संपलं," ते म्हणाले.

बाबारावांनी समजावलं, "अरे, जेवले त चांगलंच झालं न. भुकेले त नाही राह्यले."

"ते खरं हाय मास्तर. पन मी म्हनलं होतं, घर तुमचंच हाय. अन् घराले कुलूप." धावजींच्या डोळ्यांत पाणी आलं. सुखीबाईने एरवी ऐकवलं असतं. या वेळी ती नुसती त्यांच्या शेजारी सरकून बसली.

तांड्यावर पोचले तेव्हा उन्हं कलली होती. आधी दिसली ती लान. डोक्यावर तिची ती टोकदार टोपी, हातात काठी. सुखीबाईने अंगणात तूर वाळत घातली होती आणि घाईत राखणीला कोणाला सांगायचं राहून गेलं होतं. ती तूर खायला आलेल्या शेळ्या लान हाकलत होती. अंगण झाडून लख्ख केलं होतं. ओट्यावर तुआन बसला होता, आणि त्याच्यासमोर ती ताटं जशीच्या तशी, आता वर फडकी झाकलेली. तांड्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरचं ताट होतं. बाबूसिंग खांबाला टेकून हताश उभे होते.

"धावजी," ते म्हणाले, "तुहे पाहुने घेऊन जाय बापा. सकाळपासून साऱ्या तांड्यानं हात जोडले. पान्याशिवाय काही घेऊन नाही राह्यले. शिरा बनवला, नाही. चहा केला, नाही. फोटो काढेपर्यंत वाटलं खातीन, त नाही. लाज वाटली मले तुले सांगाची."

तुआन उठला, हसला, आणि वर्षाने धरलेल्या मोबाइलमध्ये काहीतरी बोलला. मोबाइल म्हणाला, "आम्हाला धावजींनी बोलावले आहे. हे आमचे घर आहे, असे ते म्हणाले. आपल्या घरचे लोक बाहेर गेले असतील, तर आधी त्यांची वाट पाहतात. मग सगळे मिळून जेवतात."

धावजी पुढे झाले. हार घालायचा होता, दोन शब्द बोलायचे होते, रस्ताभर ते जुळवलेले होते. पण त्यांनी नुसते तुआनचे दोन्ही हात धरले आणि तसेच उभे राहिले.

सुखीबाई लानजवळ गेली. तिने लानच्या हातातली काठी घेतली, तिचा ऊन लागून लाल झालेला चेहरा दोन्ही हातांनी धरला आणि रडायला लागली. "याडी गं माझी," ती म्हणाली. आमच्या गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, याडी म्हणजे आई. "इतके साल झाले, यांच्या बोलन्यावर कोनी इस्वास ठेवला नाही. मी बी नाही ठेवला. अन् तू पोरी, उपाशी बसली." लानला शब्द कळला नसणार, पण तीही रडली, आणि मग दोघी एकमेकींना पाहून हसल्या.

कुलूप उघडलं. लान विचारायला थांबलीच नाही. ती सरळ आत गेली, चुलीपुढे बसली आणि काड्या मोडायला लागली. सुखीबाईच्या चुलीला आजवर कोणी परक्याने हात लावलेला नव्हता. सुखीबाईने परात पुढे ओढली आणि पीठ घेतलं. पहिली भाकर फुगली तशी धावजींनी ती तव्यावरूनच उचलली, बोटं भाजली तरी सोडली नाही, आणि तुआनच्या ताटात ठेवली. तुआनने घास मोडला. तेव्हा कुठे बाहेरच्या ताटांवरची फडकी निघाली. बाबूसिंगचा शिरा सगळ्यांत आधी संपला. धावजींनी स्वतः दोनदा मागून घेतला आणि बाबूसिंगने पुन्हा पुन्हा वाढला.

जेवणं आटोपून सेवादास महागावला परत निघाला. दिवसभराच्या गाडी हाकण्याने त्याचं अंग आंबलं होतं. गाडी सुरू करून त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, आपल्याकडची रीत म्हणून हात जोडले आणि तुआनला म्हणाला, "येजा बावा एकदा महागावले बी. आपलंच घर हाय."

वर्षाने मोबाइल पुढे केला. तुआनने नीट ऐकून घेतलं, लानशी दोन शब्द बोलला आणि मोबाइलमध्ये उत्तर दिलं. मोबाइल म्हणाला, "नक्की येऊ. उद्या किती वाजता?"

सेवादासने एकदा धावजींकडे पाहिलं, एकदा तुआनकडे. मग त्याने गाडी बंद केली, खाली उतरला आणि बायकोला फोन लावला.

"अवं, ऐक. उद्या घरी भाजी काय हाय?"